एका हाताचा मासा

कुलूप उघडून मी आत आलो, बूट काढायला वाकलो, आणि वाकल्या वाकल्या माझं लक्ष टाकीकडे गेलं. मासा डाव्या कोपऱ्यात येऊन थांबला होता. तोंड वर, पाठीवरचे पर ताठ, काचेला अगदी नाक लावून. एवढंच. दुसऱ्या कुणाला यात काही वावगं वाटलं नसतं. पण मी त्याला कायम उजव्या कोपऱ्यात खायला घालतो. चिमटा उजवीकडच्या खिळ्याला अडकवलेला असतो, खायच्या डब्या उजवीकडच्या फळीवर असतात, आणि डावीकडे एक खुर्ची आहे जिच्यावर आम्ही दोघंही कधी बसत नाही, इस्त्रीचे कपडे रचून ठेवतो. डाव्या कोपऱ्यात माझ्या हातून त्याला एक कणही मिळालेला नाही. मग दार वाजल्याबरोबर तो तिथे का गेला? एक बूट पायात आणि एक हातात अशा अवस्थेत मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. आत आलेला माणूस मी आहे हे लक्षात आल्यावर तो वळला आणि दगडामागे निघून गेला. सावकाश, घाई न करता. नको तो पाहुणा आला की घरातली माणसं काहीतरी काम काढून आत जातात, तसा.

फुलपाखरू मासा म्हणतात त्याला. तळहाताएवढा, पिवळाधमक, चपटा. बाजूने बघितलं तर बशी, समोरून बघितलं तर नुसती रेघ. खऱ्या डोळ्यावरून काळा पट्टा गेलेला, आणि शेपटीजवळ भलत्याच जागी एक मोठा काळा ठिपका, डोळा म्हणून सहज खपेल असा. शत्रूने शेपटीला तोंड समजून झडप घालावी आणि याने उलट्या बाजूने पसार व्हावं, अशी ती सोय. आणला त्या दिवशी मीही फसलो. दगडाआडून शेपटीच तेवढी दिसत होती आणि मी तिच्याशीच गप्पा मारत बसलो होतो. खरं तर तो आणायलाच नको होता. खारटरावाने तोंडावर सांगितलं होतं. खारटराव म्हणजे आमचा खाऱ्या पाण्याच्या माशांचा दुकानदार. हे नाव बायकोने ठेवलेलं. उंच, नेहमी बाह्या दुमडलेल्या, हाताला कायम मिठाचे पांढरे डाग. तो म्हणाला, “साहेब, हा नखरेल जीव आहे. लवकर तोंड उघडणार नाही. एकच गोष्ट पाळा, हात एकच ठेवा. ज्याने खायला घालायचं त्यानेच घालायचं. दोन हात झाले की हा बिथरतो, आणि बिथरला की उपाशी मरतो.” बायको शेजारीच उभी होती. ती म्हणाली, “आणि तो एक हात आजारी पडला तर?” यावर खारटराव हसला. विनोदाच्या मानाने जरा जास्तच हसला, हे मला तेव्हाही जाणवलं होतं. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, “ऐकलंस ना? एकच हात.” ती म्हणाली, “लखलाभ असो. मला मेलं ते शिंपल्यांचं चिकट मांस बघवत नाही.”

मग मी बसायचो. कामावरून आलो की चहासुद्धा न घेता, चिमट्याच्या टोकाला शिंपल्याच्या मांसाचा बारीक तुकडा धरून, पाण्यात कोपरापर्यंत हात घालून. दंडाला रग लागायची. मासा यायचा, तुकड्याभोवती एक फेरी मारायचा आणि निघून जायचा. बायको आतून विचारायची, “खाल्लं का महाराजांनी?” आणि मी उत्तर द्यायचो नाही. शेवटी एकदा त्याने ते लांबुडकं तोंड पुढे काढलं आणि तुकडा टिपला. चिमट्यातून माझ्या बोटांना एक अगदी हलका हिसका बसला. मी ओरडलोच. ती पळत आली, ओले हात पदराला पुसत. मी तिला म्हटलं, “तू लग्नाला हो म्हणालीस ना, तेव्हासुद्धा मला एवढं बरं वाटलं नव्हतं.” ती हसली. मला वाटतं, हसली.

पण ते सगळं मागे पडलं होतं. अलीकडे तो पुन्हा माझ्या चिमट्याकडे ढुंकून बघेना. तुकडा पुढे केला की सभ्यपणे बाजूला व्हायचा. मी शिंपले बदलून बघितले, कोळंबी बारीक चिरून बघितली, दिवा मंद करून बघितलं. आणि त्या दिवशी, एक बूट हातात घेऊन उभा असताना, कितीतरी दिवस जे समोर होतं ते मला पहिल्यांदा दिसलं. इतके दिवस न खाणारा हा मासा वाळला नव्हता. त्याचं पोट भरलेलं होतं. पाठ गुबगुबीत होती. तो उपाशी नव्हता. फक्त माझ्या हातून जेवत नव्हता.

माझा धंदा संशयाचा आहे. मी कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात, मी मेण, प्लास्टर, रंग यांच्यातून माणसांना चावण्याची सोय करून देतो. बसवून बघायला मी डॉक्टरांकडे जातो तेव्हा लोक म्हणतात, छान बसली, कुठेच टोचत नाही. आणि खोटं बोलतात, कारण त्यांना खुर्चीतून उठायचं असतं. खरं काय ते निळा कागद सांगतो. दातांमध्ये पातळ निळा कागद धरून चावायला लावायचं. जिथे जास्त दाब येतो तिथे निळा डाग उमटतो. पण एका डागावर मी कधी घासायला घेत नाही. पुसतो, पुन्हा चावायला लावतो. दुसऱ्यांदा त्याच जागी उमटला तरच खरा. एवढ्या वर्षांनी ही सवय हातातून डोक्यात गेलेली आहे. म्हणून त्या संध्याकाळी बायको घरी आल्यावर मी काहीच बोललो नाही. ती रोजच्यासारखी पर्स टेबलावर टाकून म्हणाली, “दमले बाई,” आणि आत गेली. ती एका छापखान्यात नकाशांचं काम बघते, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी मान वर न करता तिची चाहूल ऐकत राहिलो. टाकीजवळून जाताना तिने टाकीकडे बघितलं नाही. बघितलं नाही याचाच मला वास आला. भिंत खाऊन बसलेली एवढी थोरली उजेडाची पेटी, आणि माणूस तिच्याकडे बघत नाही?

डोक्यात एकदा किडा शिरला की त्याला खायला कमी पडत नाही. मला आठवलं, टाकीतलं पाणी बरेच दिवस मी भरलेलंच नाही. खाऱ्या पाण्याचं असं असतं, की उडून जातं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून पातळी उतरली की वरून साधं गाळलेलं पाणी घालायचं, चिकटपट्टीच्या खुणेपर्यंत. न घालावं तर पंप गुरगुरायला लागतो. पण पंप गुरगुरला नव्हता आणि पाणी खुणेलाच होतं. टाकीखालच्या कपाटात साध्या पाण्याचा कॅन असतो, तो उघडून बघितला. काठोकाठ भरलेला. म्हणजे जो कुणी पाणी घालत होता तो आपलं पाणी बरोबर घेऊन येत होता. तयार खारं पाणी कॅनमध्ये भरून कोण देतं? खारटराव. माशाला खायची सवय कुणाला लावता येते? खारटरावाला.  खुर्चीवरचे कपडे नीट रचलेले होते; मी ठेवले होते त्यापेक्षा नीट. माझे शर्ट तर खाली गेले होते.

मी कामावर कवळी घासताना त्या दोघांना मनातल्या मनात माझ्या खोलीत बसवायचो. तो बाह्या दुमडून टाकीत हात घालतोय, ती खुर्चीवर बसून बघतेय, शिंपल्याच्या मांसाची किळस आता कुठे गेली कोण जाणे. ती काहीतरी म्हणते, तो गरजेपेक्षा जास्त हसतो. यात अजून पुढे माझं मन जायचं नाही; इथेच अडकायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. खरं सांगायचं तर मला त्या हसण्याचा जास्त राग होता. माझ्या विनोदावर ती शेवटची कधी हसली हे मला आठवत नव्हतं, आणि मी शेवटचा विनोद कधी केला हेही.

तिला सरळ विचारायचं सुचलं नाही असं नाही. पण विचारलं की माणूस उत्तर देतो, आणि उत्तराचं काय करायचं? मी निळ्या कागदाच्या मार्गाने गेलो. सकाळी ती अंघोळीला गेली की मी टाकीतून अर्धी बादली पाणी काढायचो आणि मोरीत ओतून द्यायचो. पाणी खुणेच्या चांगलं खाली जायचं. संध्याकाळी येऊन बघावं तर पुन्हा खुणेला. पहिल्या दिवशी माझे कान तापले. कुणीतरी येतं. हा पहिला डाग. पुसला, पुन्हा केलं. दुसऱ्या दिवशीही तेच. दोनदा उमटला म्हणजे खरा, इथे मी थांबायला हवं होतं. पण मला आता नुसतं खरं नको होतं, मला त्याच्याशी खेळावंसं वाटत होतं. रोज सकाळी अर्धी बादली काढायची आणि दिवसभर मनात म्हणायचं, भर लेका, भर. अशा वेळी खारटपणा मोजून बघायचा असतो, हे शेंबड्या पोराला कळेल. मला कळत नव्हतं का? पण मी म्हणायचो, समोर काय कच्चा गडी आहे? त्याचा जन्म गेलाय यात. तो मोजल्याशिवाय थेंब घालणार नाही. गंमत बघा, ज्याच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, त्याच्या हिशेबावर मी माझी टाकी सोपवली होती.

माझे वडील केसांच्या तेलाच्या बाटलीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवायचे. कामाला येणारी बाई तेल चोरते असं त्यांना वाटायचं. संध्याकाळी बाटली उजेडाला धरून बघायचे, मग रेघ आणि तेल यांच्यामधलं अंतर आईला दाखवायचे. आई म्हणायची, “अहो, मीच लावते ते.” ते म्हणायचे, “तू लावतेस ते धरूनच रेघ मारलीय.” काही दिवसांनी आईने तेल लावणंच सोडलं. तिचे केस कोरडे, पिंजारलेले दिसायला लागले. तेल रेघेवरून हललं नाही आणि वडिलांनी मला मोठ्या समाधानाने सांगितलं, “बघितलंस? जरब बसली.” मला तेव्हा त्यांची लाज वाटली होती. अर्धी बादली मोरीत रिकामी करताना हे मला एकदा आठवलं. पण मी स्वतःला सांगितलं, की ते वेगळं. तिथे चोर नव्हता.

मग एके दिवशी टाकीच्या स्टँडखाली वर्तमानपत्राची घडी सापडली. नीट चौकोनी, भिंतीला लागून सरकवलेली. मी ती काढून उलटसुलट बघितली. वाचायला कुणी वर्तमानपत्र तिथे ठेवत नाही. त्यावर बूट ठेवले असतील? ओला कॅन? मी घडी होती तशी परत ठेवली आणि त्या दिवशी कामावर एका म्हातारीचे पुढचे चार दात उलट्या क्रमाने बसवले. त्याच सुमारास काचेवरची एक गोगलगाय खाली पडली. दगडांवर कायम पिसाऱ्यासारखे उघडलेले बारीक किडे असायचे, ते मिटूनच राहायला लागले. पाण्याला एक दुधाळ झाक आली. मासा दगडाआडून बाहेर येईना. यातलं एकेक मला दिसत होतं. पण मी ते पुराव्याच्या बाजूला जमा करत होतो: चोराने काहीतरी वाईट पाणी आणलेलं दिसतंय. त्या शुक्रवारी जाता जाता मी खारटरावाच्या दुकानात डोकावलो. तो म्हणाला, “काय साहेब, खातो का? वहिनी म्हणत होत्या, झकास खातोय.” मी विचारलं, “वहिनी कधी भेटल्या?” तो म्हणाला, “येतात की शिंपले न्यायला.” त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं, की मी दुकानातून बाहेर येऊन एका खांबाला धरून उभा राहिलो.

शनिवारी आम्ही दोघंही घरी. उद्या बोलायचं, नाही आजच, चहा झाला की, असं मी मनात घोळवत होतो, वाक्यं जुळवत होतो. ती पडदे सरकवायला टाकीच्या बाजूला गेली आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला, मी तिच्याकडून कधी न ऐकलेला. “पिवळोबा! अरे, काय झालं रे तुला?” मी उठलो. मासा वाळूवर आडवा पडला होता. कल्ले भराभर हलत होते, पिवळा रंग उडून राखी झाला होता. आणि ती, जिला शिंपल्याचं मांस बघवत नव्हतं, तिने बाही न दुमडता हात पाण्यात घातला, डाव्या बाजूने, सराईतपणे, आणि त्याला तळहातावर उभं धरलं. तो तिच्या हातातून निसटायला धडपडला नाही. तिची बोटं ओळखीची असावीत तसा टेकून राहिला.

“पिवळोबा?” मी म्हटलं.

“ओरड मला. नंतर ओरड,” ती रडत म्हणाली. “पहिल्यांदा काहीतरी कर. मीच मारलं याला. रोज पाणी कमी व्हायचं रे, रोज. मला वाटलं टाकी गळतेय. खाली पेपर घालून ठेवला, तर तो कोरडा. मग म्हटलं, ऊन वाढलंय, उडत असेल. मी त्या कॅनमधलं घालायचे आणि कॅन स्वयंपाकघरातून पुन्हा भरून ठेवायचे. तू घालतोस तसंच ना ते? तसंच घालतात ना?”

मी खारटपणा मोजायची नळी काढली. पाण्यात बुडवली आणि उजेडाला धरली. रोज मीठ बाहेर गेलं होतं आणि साधं पाणी आत आलं होतं; त्यात समुद्र राहिलाच नव्हता. दगडातले जीव आधी गेले होते आणि त्यांच्या कुजण्याने उरलेलं पाणी नासलं होतं. मी मीठ काढलं, बादलीत ढवळायला लागलो, पण मीठ विरघळायला त्याचा वेळ घेतं. ती एका हाताने मासा धरून तशीच वाकून उभी होती आणि बोलत होती. दुपारच्या सुट्टीत ती घरी यायची. एकदा उन्हाची छत्री विसरली म्हणून आली होती, तेव्हा तो काचेशी आला. तिने सहज तुकडा टाकला, तो त्याने खाल्ला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. मग रोजच. खुर्चीवरचे कपडे उचलायचे, डबा खायचा, त्याला भरवायचं, कपडे परत रचायचे. “मी दार उघडलं की तो यायचा,” ती म्हणाली. “अरे, या घरात मी आले की कुणाला तरी बरं वाटायचं. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, एकच हात.”

आता मी गप्प राहिलो असतो तर सगळं तिच्यावरच राहिलं असतं. तिने ते कबूलही केलं होतं. टाकी गळत नव्हती, पण उन्हाळा खरा होता. मी नुसतं “ऊन” म्हटलं असतं तर ती “हो ना” म्हणाली असती. तेवढं म्हणायला माझं तोंड उघडलंही. पण ती मान खाली घालून, पापणी न हलवता त्या कल्ल्यांकडे बघत होती, आणि मला तिची इतकी दया आली की मला ते सहन होईना. मी म्हटलं, “तू नाही. पाणी मी काढत होतो. रोज सकाळी.”

“का?”

“घरात कोण येतं ते बघायला.”

 मग तिने अगदी साध्या आवाजात, भाजी कुठून आणलीस असं विचारावं तसं विचारलं, “मग कोण येत असेल असं वाटलं तुला?” मी सांगितलं. खारटरावाचं नाव ऐकून ती हसली. खरंच हसली, डोळ्यात पाणी असताना, आणि हसता हसता तिचा तळहात हलला आणि मासा कलंडला. तिने त्याला पुन्हा सरळ केलं. मग म्हणाली, “त्याचा विचार आला तुझ्या मनात. माझा नाही आला. मी माझ्याच घरी येत असेन, हे नाही सुचलं.” मी बादली पुढे केली. तिने माझ्या हातून बादली घेतली नाही. म्हणाली, “ठेव तिथे.” मी ठेवली. दुपार कलायच्या आत मासा गेला. तिने त्याला रुमालात गुंडाळून खाली नेलं. मी बरोबर येऊ का विचारलं तर नको म्हणाली.

नंतरचे दिवस आम्ही फार नीट वागलो. मीठ दे, दार लावलंस का, आज जरा उशीर होईल. टाकी तशीच होती, पंप चालू, आत नुसते दगड. ती उशीर होईल म्हणाली की मी “बरं” म्हणायचो, आणि तो “बरं” माझ्याच कानाला खोटा वाटायचा. मला सारखं वाटत होतं की आपण तिच्यासाठी काहीतरी करावं. ती दुपारी आली आणि घरात कुणीतरी असलं तर? असा विचार मला कामावर बसल्या बसल्या आला आणि त्याने मला इतकं गहिवरून आलं की मी हातातली कवळी खाली ठेवली. हे मी तिच्यासाठी करतोय, असं मी पायऱ्या चढताना स्वतःला सांगत होतो. पण पायऱ्या मी हळू चढत होतो, पावलांचा आवाज होणार नाही अशा बेताने. दार उघडण्याआधी मी त्याला कान लावला.

आत कुणी नव्हतं. मी कपडे उचलून टाकीजवळच्या त्या खुर्चीवर बसलो. पाण्याची सळसळ चालू होती. ती आता येणारच नाही, कशाला येईल, मग ती डबा घेऊन बसते तरी कुठे, कुणाबरोबर, असं सुरू झालं आणि मी ते थांबवलं, आणि ते पुन्हा सुरू झालं. तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. ती आत आली, मला बघून दारातच थांबली. पर्स तिने खांद्यावरून काढली नाही.

“तपासायला आलास?”

“नाही गं,” मी म्हटलं. “तुझ्याबरोबर जेवायला.”

तिने टेबलाकडे बघितलं, मग माझ्या मांडीवरच्या हातांकडे बघितलं. डबा मी कामावरच ठेवून आलो होतो.